पहाटे चारचा आकडा झाकू नका : पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या विभागाला खुलं पत्र

मा. अधिकारी महोदय आणि विभागातल्या सगळ्याच मंडळींना,

नमस्कार.

तुमच्या पेजवर ओढ्याच्या पाण्याचा दर्जा मोजणाऱ्या स्टेशनचे दर पंधरा मिनिटांचे आकडे दिसायचे, ते आता बंद झालेत. त्याजागी एक नोटीस लावलीये की कच्च्या आकड्यांमुळे लोकांचा गैरसमज होतो, विनाकारण घबराट पसरते, त्यामुळे यापुढे फक्त तपासून घेतलेली महिन्याची सरासरी टाकली जाईल, आणि तीही महिना संपल्यावर सवडीने. हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. साधे अर्ज करून झालेत, त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून यावेळी सगळ्यांसमोर, कारण पाणी माझ्या एकट्याचं नाहीये.

माझा यात काय संबंध ते आधी सांगतो. ओढ्याच्या खालच्या अंगाला माझी रोपवाटिका आहे आणि पाणी ओढ्यातूनच उचलतो. मोठं झाड थोडं खारं पाणी सोसतं, ट्रेमधलं दोन पानांचं रोप नाही सोसत, त्याच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात मग करपतात आणि तोवर उशीर झालेला असतो. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, सिंचनाच्या पाण्याच्या निकषात कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती सहज जाते ते, त्यावरून क्षार किती ते कळतं) ७०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या खाली असेल तर काळजी नाही आणि ३००० च्या वर गेली तर गंभीर असं धरलंय, मधला सगळा पट्टा तुम्ही काय पिकवता त्यावर. मी त्या मधल्या पट्ट्यात जगणारा माणूस आहे. त्यामुळे माझा नेम असा होता की मोटर चालू करायच्या आधी फोनवर तुमचं पेज उघडायचं, कंडक्टिव्हिटीची रेघ नेहमीच्या जागी असेल तर बटण दाबायचं, वर गेली असेल तर हात बांधून बसायचं. बहुतेकदा काही तासांत ती खाली यायची. एवढा साधा उपयोग. सरकारी पैशातून उभं राहिलेलं एखादं यंत्र सामान्य माणसाच्या इतकं थेट उपयोगी पडतं हे मी लोकांना कौतुकाने सांगायचो, खरंच.

आता तुम्ही मला गेल्या महिन्याची सरासरी देणार. तिचं मी करू काय? मोटर गेल्या महिन्यात जाऊन बंद करू?

आणि मी तर फक्त रोपांचं बोलतोय. ओढ्यावर गुरं पाणी पितात, पोरं डुंबतात, गळ टाकून बसणारे लोक आहेत, काठाला लागून विहिरी आहेत. त्यातल्या कुणाला महिन्याची सरासरी लागते ते एकदा सांगा.

सरासरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा मुख्य राग तिच्यावरच आहे. ओढा जिवंत आहे, तो दिवसा एक असतो आणि रात्री दुसरा. दिवसभर उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, पाण्यात ऑक्सिजन सोडतात, दुपारी तो सगळ्यात वर असतो. सूर्य मावळला की ते उत्पादन थांबतं, पण श्वास कुणाचाच थांबत नाही, शेवाळाचाही नाही, तळाच्या गाळातल्या जिवाणूंचाही नाही, सगळे मिळून ऑक्सिजन ओढत राहतात, आणि सगळ्यात खालचा आकडा येतो तो पहाटे, उजाडायच्या जरा आधी. ही माझी थिअरी नाहीये, हॉवर्ड ओडम नावाच्या शास्त्रज्ञाने १९५६ मध्येच या दिवसरात्रीच्या चढउतारावरून वाहत्या पाण्याचं उत्पादन आणि श्वसन मोजायची पद्धत मांडली होती. सांडपाण्याने ओढा जेवढा जास्त माजलेला, तेवढं दुपारचं टोक उंच आणि पहाटेचा खड्डा खोल.

समजा दुपारी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १० मिलिग्रॅम आहे आणि पहाटे २. ढोबळ सरासरी ६. तुमच्या तक्त्यात ६ म्हणजे हिरवा रंग, उत्तम. पण मासा सरासरीत श्वास घेत नाही हो. २ च्या खाली बहुतेक माशांचा जीव घुसमटतो आणि मरायला एकच पहाट पुरते. दुपारचे १० बघून तर उलट शंका यायला हवी, कारण समुद्रसपाटीला ३० अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून मुरून ऑक्सिजन राहतो तो साधारण ७.६ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१. त्याच्या बराच वर आकडा गेला म्हणजे पाणी फार छान आहे असं नाही, शेवाळ फार झालंय. दुपारची उंची आणि पहाटेची खोली मिळून एक गोष्ट सांगतात, आणि सरासरी नेमकी तीच पुसून टाकते.

पीएचचं तर याहून वाईट. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा, ही लॉगरिदमची मोजपट्टी आहे, एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, त्याची सरळ सरासरी काढायचीच नसते, निदान विचार न करता तरी नाही. अमोनियाचं उदाहरण घ्या. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एक रूप माशांना खूप जास्त विषारी. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एक भागसुद्धा त्या विषारी रूपात नसतो, ८ ला साधारण पाच टक्के, ९ ला पस्तीस टक्क्यांच्याही वर. आता रात्रीचा अर्धा वेळ ७ आणि, शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं म्हणून, दिवसाचा अर्धा वेळ ९ असेल तर तुमची सरासरी येणार ८, आणि कागदावर विषारी अमोनिया पाच टक्के. प्रत्यक्षात अर्धा वेळ तो पस्तीसच्या वर होता. म्हणजे एकाच ओढ्यात मासा दुपारी अमोनियाने अडचणीत आणि पहाटे ऑक्सिजनवाचून अडचणीत, आणि महिन्याचा रिपोर्ट म्हणणार सगळं मर्यादेत आहे.

पंधरा मिनिटांना एक म्हणजे दिवसाला ९६ आकडे, तीस दिवसांच्या महिन्याला २८८०. त्या २८८० चा एक करून तुम्ही आम्हाला देणार. मग एवढं महागडं यंत्र पाण्यात कशाला सोडलं? महिन्याला एक आकडा तर बाटलीवाला माणूसही आणून देत होता.

बाटलीचं निघालंच आहे म्हणून. बाटलीत नमुना घेऊन लॅबला पाठवायच्या पद्धतीला मी नावं ठेवत नाही, लायोश विंकलरने १८८८ मध्ये दिलेली ऑक्सिजन मोजायची टायट्रेशनची (रसायन थेंब थेंब टाकून मोजायची) पद्धत आजही सेन्सर बरोबर आहे का ते ताडून बघायला वापरतात, त्याबद्दल आदरच आहे. पण बाटली भरायला माणूस येतो कधी? ऑफिसच्या वेळेत. ऊन चढल्यावर. म्हणजे ऑक्सिजन जेव्हा सगळ्यात चांगला असतो तेव्हा. पहाटे चारला कुणी टॉर्च घेऊन ओढ्यात उतरत नाही, आणि उतरावं अशी अपेक्षाही नाही, त्यासाठीच तर यंत्र आहे! शिवाय रात्रीच्या अंधारात कुणी टँकर रिकामा केला, किंवा वरच्या अंगाच्या कुणी साठवलेलं घाण पाणी पावसाचा मुहूर्त साधून सोडलं, तर ती लाट काही तासांत निघून जाते. पहिल्या जोरदार पावसात रस्त्यावरची, गटारातली, शेतातली महिनोन्‌महिने साचलेली घाण सुरुवातीच्या पाण्याबरोबर एकदम येते, तीही अशीच. सकाळी अकराच्या बाटलीत यातलं काहीच सापडत नाही. सलग चालणाऱ्या यंत्राला ते दिसतं, रेघेवर काटा उभा राहतो. आणि तो काटाच तुम्ही आता महिन्याच्या ढिगात पुरणार.

आता तुमचं म्हणणं की कच्चा आकडा चुकीचा असू शकतो. हे शंभर टक्के मान्य. पण यावर उपाय शोधायला तुम्हाला फार लांब जायची गरज नाही, जगात तो कधीच सापडलाय. अमेरिकेची यूएसजीएस ही सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था नद्या-ओढ्यांचे आकडे थेट लोकांना दाखवते आणि त्यावर सरळ लिहिते की हा डेटा तात्पुरता आहे, यात बदल होऊ शकतो. मग माणसं बसून तपासतात, दुरुस्त करतात आणि त्याच डेटावर 'मंजूर' असा शिक्का पडतो. झालं. लोक वेडे होऊन रस्त्यावर धावत नाहीत. हवामानाचा अंदाज चुकतो म्हणून तो महिन्याच्या शेवटी सांगावा असं कुणी म्हणतं का? लोकांना 'तात्पुरता' म्हणजे काय ते कळतं, इतकं कमी लेखू नका.

आणि घबराटीबद्दल एक सांगतो. आकडा दिसल्याने घबराट होत नाही, मेलेले मासे तरंगताना दिसले आणि पेजवर काहीच नसलं की होते. मग व्हॉट्सॲपवर जे फिरतं ते तुम्ही नंतर खोडत बसता.

आकडे चुकतात का, यावर बोलू. कारण दुखणं खरं तिथे आहे. आणि ते दुखणं झाकायलाच ही सरासरीची चादर आली असावी अशी मला दाट शंका आहे. शंका खोटी ठरली तर आनंदच आहे.

प्रोब, म्हणजे सेन्सर बसवलेली नळी, पाण्यात असतो, चोवीस तास, आणि पाण्यात ठेवलेल्या कुठल्याही वस्तूवर काही दिवसांत बुळबुळीत थर धरतो. आधी नुसता हाताला लागतो, मग दिसायला लागतो, मग त्यात गाळ अडकतो, बारके शिंपले-किडे येऊन राहतात. ऑक्सिजनच्या ऑप्टिकल सेन्सरला टोकावर एक छोटी काळी टोपी असते, तिच्या आतल्या रंगावर निळा प्रकाश पडतो, रंग लालसर चमकतो, आणि ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते, त्यावरून आकडा निघतो. आता त्या टोपीवर शेवाळाचा थर बसला की सेन्सर ओढ्याचा ऑक्सिजन मोजत नाही, त्या थराचा मोजतो. थर दुपारी स्वतः ऑक्सिजन बनवतो, रात्री स्वतः खातो, आणि रेघ उगाच जास्त उड्या मारायला लागते. गढूळपणाच्या सेन्सरचं तसंच, काचेवर थर आला की पाणी नितळ असलं तरी आकडा रोज थोडा थोडा चढत जातो, खाली यायचं नावच घेत नाही. हे ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही, रोज बघणाऱ्याला कळतं.

यावर इलाज आहे का, तर आहे, आणि तो काही मोठा नाही. वायपर असतो, तांब्याची जाळी असते कारण तांब्यावर जीव सहसा वाढत नाहीत, आणि या सगळ्यावर एक माणूस असतो जो ठरलेल्या दिवशी येऊन साफ करतो. त्याची पद्धतही ठरलेली आहे. साफ करायच्या आधीचा आकडा लिहायचा, साफ केल्यावरचा लिहायचा, दोन्ही वेळी शेजारी दुसरं चांगलं मीटर धरून ओढा दरम्यान स्वतःच बदलला नाही ना ते बघायचं. दोन्हींतला फरक म्हणजे घाणीमुळे आलेली चूक. मग प्रोब माहितीच्या द्रावणात बुडवायचा, पीएचसाठी ७ आणि १० चे बफर वगैरे, तिथे जो फरक निघेल तो सेन्सर स्वतः सरकल्यामुळे आलेला. या दोन फरकांवरून मागचे आकडे दुरुस्त करता येतात. म्हणजे बघा, वेळेवर माणूस गेला तर मळलेल्या दिवसांचा डेटासुद्धा बऱ्याच अंशी वाचतो. गेलाच नाही तर दुरुस्त करायला आधार काय, अंदाज?

आमच्या स्टेशनवर माणूस येतो कधी तरी. काठाचे लोक सांगतात, आणि मीही जाता येता बघतो. वायपरचा ब्रश झिजून दांडी राहिलीये. एकदा तर जाळीत प्लास्टिकची पिशवी अडकून फडफडत होती, प्रोब त्या पिशवीच्या आत, आणि पेजवर सगळं आलबेल. त्या माणसाला दोष देत नाहीये, उलट त्याच्याकडे किती स्टेशनं आहेत आणि गाडी मिळते का ते तुम्ही स्वतःला विचारा. यंत्र विकत घ्यायला पैसा येतो, फीत कापायला लोक येतात, आणि पुसायला फडकं द्यायची वेळ आली की बजेट संपतं. सेन्सर हा एकदाचा खर्च नाही, त्याचा खरा खर्च बसवल्यानंतर सुरू होतो, हे खरेदी करतानाच माहीत असायला हवं होतं.

एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत म्हणावी की काय. उन्हाळ्यात ओढ्याची पातळी उतरली आणि प्रोब पाण्याबाहेर आला. उघड्या हवेत लटकत होता. पेजवर काय? ऑक्सिजन जवळपास शंभर टक्के, हिरवा ठिपका, वर्षातली सर्वोत्तम स्थिती. अर्थातच, हवेत धरलेला सेन्सर शंभरच्या आसपासच दाखवणार, कॅलिब्रेशनच, म्हणजे माहितीच्या मापाशी जुळवणीच, तशी करतात. पण त्याच वेळी त्याच पेजवर कंडक्टिव्हिटी शून्याला टेकलेली होती, आणि वाहत्या ओढ्याची कंडक्टिव्हिटी शून्य कधीच होत नाही. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की शाळेतल्या पोरालाही कळेल की प्रोब पाण्यात नाहीये. तुमच्या सिस्टीमला कळलं नाही, किंवा कळलं असेल तर कुणाला सांगितलं नाही. आणि आता गुपचूप हे हवेचे आकडेही महिन्याच्या सरासरीत मिसळले जाणार का? 'तपासून घेतलेली' म्हणजे नेमकं काय तपासलंय, कुठले आकडे काढले, कुठले ठेवले, हे कुठेच लिहिलेलं नाही.

पावसाळ्याचं उलटंच. पूर यायची चिन्हं दिसली की प्रोब काढून ठेवतात, वाहून जाईल म्हणून. भीती समजते, यंत्र महाग आहे. पण वर्षभराच्या घाणीतला मोठा हिस्सा त्या थोड्याशा पुराच्या तासांतच वाहून जातो, आणि नेमके तेच तास कोरे. पुराला टिकणारं बसवणं, पक्क्या पाइपात किंवा पुलाच्या खांबाच्या आडोशाला, किंवा पाणी पंपाने वर काठावरच्या पेटीत आणून मोजणं, हे सगळं जगात होतंच की.

जागेबद्दल पण बोलायचंय. स्टेशन एकच आणि ते सांडपाण्याच्या तोंडाच्या वर. म्हणजे घाण मिसळायच्या आधीचं पाणी आपण चोवीस तास मोजतोय, मनापासून मोजतोय, आणि मिसळल्यावरचं अजिबात नाही. ब्रिटनच्या २०२१ च्या पर्यावरण कायद्याने तिथल्या सांडपाणी कंपन्यांवर बंधन घातलंय की त्यांच्या सांडव्यांच्या (जादा सांडपाणी जिथून नदीत सोडतात त्या तोंडांच्या) आणि प्रक्रिया केंद्रांच्या वर आणि खाली दोन्हीकडे पाण्याचा दर्जा सलग मोजायचा, त्यात ऑक्सिजन, तापमान, पीएच, गढूळपणा, अमोनिया या गोष्टी आल्या. वर आणि खाली, कारण फरक दिसला तरच कुणाची घाण ते कळतं. तिथेही सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं मला म्हणायचं नाही, पण निदान कायद्याने प्रश्न बरोबर विचारलाय.

आणि अलार्म. आकडा मर्यादेबाहेर गेला की मेसेज जातो असं उद्घाटनाच्या वेळी सांगितलं होतं. कुणाला जातो? रात्री दोनला गेला तर कोण उठतं? उठून काय करतं? १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ श्वाइट्झरहाले इथे रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाईन नदीत गेली, पाणी लाल झालं, खाली लांबवर ईल मासे मेले, आणि खालच्या देशांची मोठी तक्रार हीच होती की आम्हाला वेळेत सांगितलं नाही. त्यानंतर त्या नदीवर इशाऱ्याची आणि देखरेखीची व्यवस्था बरीच कडक केली गेली. तिथल्या काही केंद्रांत तर डाफ्निया हे बारके पाणकिडे वाहत्या पाण्यात ठेवून त्यांच्या हालचालीवर कॅमेऱ्याने नजर ठेवतात, ते विचित्र पोहायला लागले की काहीतरी विषारी आलंय. आपल्या ओढ्याला एवढं नको. पण खाली राहणाऱ्या माणसाला खाली पाणी पोचायच्या आधी कळावं, हा देखरेखीचा पहिला उद्देश असायला हवा. रिपोर्ट नंतरही लिहिता येतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहितो नाहीतर तुम्हीच म्हणाल की याला यंत्र म्हणजे देव वाटतो. सेन्सरला सगळं दिसत नाही. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते, मोजायला आजही पाच दिवस लागतात, विष्ठेतल्या जंतूंची पक्की तपासणी करायला साधारण एक दिवस जातो, कीटकनाशकं या साध्या प्रोबला कळत नाहीत. अमेरिकेत कोहो जातीचे सॅमन मासे पावसानंतर ओढ्यांत का मरतात याचं कोडं वर्षानुवर्षं सुटत नव्हतं, २०२० च्या शेवटी कळलं की गाड्यांच्या टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ रस्त्यावरून पाण्यात येतो. ते कुठल्याही पीएच-ऑक्सिजनच्या सेन्सरने सांगितलं नसतं, त्याला लॅबच लागली. त्यामुळे बाटली बंद करा असं मी म्हणत नाहीये, सेन्सरवर काटा दिसला की बाटली भरा असं म्हणतोय. असे ऑटोमॅटिक सॅम्पलर येतात, कंडक्टिव्हिटी किंवा गढूळपणा ठराविक आकड्याच्या वर गेला की आपोआप बाटल्या भरून ठेवतात. म्हणजे रात्री दोनची घाण सकाळी बाटलीत सापडते, लॅबला जाते, आणि मग 'पुरावा काय' हा प्रश्न उरत नाही. कदाचित काही लोकांना तेच नको असेल, तो भाग वेगळा.

तर माझ्या मागण्या. माझ्या म्हणजे आमच्या, काठावरच्या अनेकांशी बोलून लिहितोय.

१. पंधरा मिनिटांचे आकडे पुन्हा थेट सुरू करा, वर 'तात्पुरता, बदल होऊ शकतो' असं मोठ्या अक्षरात लिहा. मधल्या काळातले झाकलेले आकडेही द्या, कच्चे असतील तसे, डाउनलोड करता येतील अशा फाइलमध्ये. चित्राच्या पीडीएफमध्ये नको.

२. सरासरी टाकायची तर खुशाल टाका, पण तिच्या शेजारी महिन्यातला सगळ्यात खालचा ऑक्सिजन, तो कुठल्या तारखेला किती वाजता आला आणि ५ मिलिग्रॅमच्या खाली किती तास गेले हे पण टाका. पीएचची सरासरी बंद करून सगळ्यात वरचा आणि खालचा आकडा द्या.

३. प्रत्येक स्टेशनच्या पानावर शेवटची सफाई कधी, कॅलिब्रेशन कधी, त्यात किती फरक निघाला, टोपी कधी बदलली हे लिहा. एवढी एक ओळ असली तर आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते आमचं आम्ही ठरवू. प्रोब पाण्याबाहेर असेल तर हिरवा ठिपका लावू नका, 'बंद' लिहा, कुणी रागावणार नाही.

४. सफाई-कॅलिब्रेशनच्या कामाला वेगळं, दरवर्षीचं बजेट आणि पुरेशी माणसं. नवीन स्टेशनं वाढवायच्या आधी हे. पैसा एकाच गोष्टीला असेल तर मी दोनच स्टेशनं पण नीट चालवा म्हणेन, दहा मेलेली नकोत.

५. सांडपाण्याच्या तोंडाच्या खाली एक स्टेशन. जागा कुठली ते तुमचे लोक, लॅबवाले आणि काठावरचे लोक मिळून ठरवा, पाणी नीट मिसळतं अशा ठिकाणी, आणि पुरात काढावं लागणार नाही असं.

६. अलार्म काठावरच्या लोकांनाही यावा. मोबाइलवर साधा मेसेज, कुठला आकडा वर गेला आणि किती वाजता. अलार्म आल्यावर तुमच्याकडून काय झालं, नमुना घेतला का, कुणी जाऊन बघितलं का, हे दुसऱ्या दिवशी पेजवर.

यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीला नवीन पैसा लागत नाही. आकडे तुमच्याकडे येतच आहेत, फक्त दाखवायचे थांबवलेत. ज्या दिवशी थांबवले त्या दिवशी जसं एका बटणाने थांबवले तसे एका बटणाने सुरू होतील. बाकीच्या तिन्हींना वेळ लागेल हे समजतं, त्यासाठी तारखा असलेलं वेळापत्रक द्या, 'विचाराधीन' नको.

साफसफाईला हात कमी पडत असतील तर काठावर राहणारे आम्ही काहीजण तयार आहोत. शिकवा, दस्ताने द्या, आठवड्याला प्रोब पुसू, आधीचा-नंतरचा आकडा वहीत लिहून फोटो पाठवू. कॅलिब्रेशन तुमच्या माणसानेच करावं, त्यात आम्ही हात घालणार नाही. पण हे फुकटच्या मजुरीचं आश्वासन समजून बजेट कापू नका, नाहीतर हा मुद्दा मागे घेतो.

उत्तर द्यायचं असेल तर तेही खुलं द्या, त्याच पेजवर, जिथे ती नोटीस लावलीये.

आपला,
ओढ्याच्या खालच्या अंगाचा एक रोपवाटिकावाला

ता.क. बंद व्हायच्या आधीच्या फाइली माझ्याकडे उतरवून ठेवलेल्या आहेत. त्यातल्या शेवटच्या काही आठवड्यांत ऑक्सिजनचं रोजचं टोक रात्री नऊच्या सुमारास येतंय, पाण्याचं तापमानही तेव्हाच सगळ्यात वर. ऊन तेव्हा नसतं. बॅटरी बदलताना डेटालॉगरचं (आकडे नोंदवणाऱ्या पेटीचं) घड्याळ चुकलेलं दिसतंय, दुरुस्त करताना तेव्हापासूनच्या आकड्यांच्या वेळाही तेवढ्याच सरकवा.